हिद्द

गावाचं नाव हिद्द.
आल्या आल्या मी त्याला हद्द म्हणायचो,
सनगरे हसायचा, मग तोही तेच म्हणू लागला.

गोदीच्या फाटकाशी माझी खिडकी.
अकरा वर्षं मी वेळ लिहितो:
आत किती वाजता, बाहेर किती वाजता,
जादा तास वेगळ्या शाईने.
वहीत नावाचा रकानाच नाही.
१४७ आला. १४७ गेला.
तोंडाने मात्र मी त्याला ‘ए बंगाली’ म्हणतो,
जसा पेटिफरसाहेब मला ‘माय गुड मॅन’ म्हणतो
आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

भिंतीवर सुट्ट्यांचा कागद.
दोन ईद, आशुरा, राष्ट्रीय दिन.
खाली पेनाने वाढवलेला नाताळ.
दसरा नाही. असायचं कारणही नाही.

मंडळात टिपणीसकाका दरवर्षी सांगतात:
एके काळी इथे आपला रुपया चालायचा,
तिकिटावर आपलाच राजा, वर नुसता बहरैनचा शिक्का,
ही अख्खी किनारपट्टी मुंबईहून हलायची!
काका, तो राजा आपला कधी झाला?
विचारलं नाही. श्रीखंड वाढत होते.
रात्री गादीवर पडल्यावर हिशेब लागला:
हुकूम त्यांचा होता, वही आपली.
राजा गेला, रुपया गेला,
वही माझ्या खिडकीत अजून उघडी आहे.

यंदा दसरा गुरुवारी.
अवालीला साहेबाच्या बंगल्यावर फायली द्यायला गेलो
तर कुंपणाशी कांचन.
आपटा नव्हे, हे मलाही कळतं.
आईने दोन्ही पानं तळहातावर ठेवून शिकवलं होतं:
हे लहान, खरबरीत, खरं.
ते मोठं, गुळगुळीत, लबाड.
‘लीव्ज? फॉर गोल्ड? हाऊ चार्मिंग!’
साहेब वाईट हसला नाही.
असाच मी हसलो होतो
१४७ने ईदच्या शेवयांचा डबा खिडकीत सरकवला तेव्हा.
राहू दे रे, म्हणालो होतो,
तुम्हा लोकांचं ते.

खिसा भरून पानं घेतली, लबाड तर लबाड.

कौत्साने लागेल तेवढंच मोजून उचललं,
बाकीचं सोनं झाडाखाली तसंच राहिलं, कुणीही न्यावं.
लहानपणी मला तो वेडा वाटायचा.
आता वाटतं, सण त्या उरलेल्या सोन्याचाच असावा,
जे कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

सलमाबादचा कॅम्प.
तो खाटेवर बसून टाचांच्या भेगांत व्हॅसलीन भरत होता.
मला पाहून उभा राहिला,
मग सगळेच उभे राहिले,
कुणीतरी टीव्हीचा आवाज घालवला.
माझ्या येण्याने खोलीत काय येतं
ते मी पहिल्यांदा पाहिलं.

सोनं घ्या, म्हणालो.
मराठीतच निघालं, आणि ‘घ्या’ निघालं.
‘खाना है, साब?’
‘नहीं, रखना है.’
‘किधर?’
ते मलाही सांगता येईना.

नाव विचारलं.
मोफिज्जल. पासपोर्टवर नुसतं मोफिज,
एजंटाला घाई होती.
गाव नोआखालीकडे, अर्धं नदीने नेलेलं.
मोहरीच्या तेलातले चुरमुरे आले, कांदा, हिरवी मिरची.
एकुलती एक ताटली माझ्यापुढे,
बाकीच्यांना वर्तमानपत्र.
मी ताटली सरकवली, कागदावर हात घातला.
मिरचीने डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले.
एवढंच.
शिलंगण म्हणावं असं काही नाही.

शनिवारी तो फाटकाशी आला सहा वाजून दहा मिनिटांनी.
बस बंद पडली होती.
पेटिफर माझ्या पाठीशी उभा.
मी सहा-दहाच लिहिलं.
मग साहेबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो,
‘या, मोफिज्जल.’
तो थांबला नाही.
छातीवरच्या ओळखपत्रात, प्लॅस्टिकमागे,
जोडपान होतं, मधोमध दुमडलेलं,
एका कडेने काळं पडत चाललेलं.